वाचकांचे प्रश्न : चिपाड, निवळी, तळणीचं तेल आणि चिंध्या

धंद्यात जे उरतं त्याचं काय करायचं, अशी विचारणा करणारी पत्रं या वेळी सातारा-सांगलीकडून बरीच आली. बहुतेकांनी थेट यंत्राचं नाव विचारलं आहे. आम्ही मात्र उत्तरांत आधी हिशेब मांडला आहे : उरलेला माल रोज किती किलो, त्यात पाणी किती, तो किती लांब न्यायचा आणि निवडायचं काम कोण करणार. पत्रं जागेअभावी आटोपशीर केली आहेत.

चिपाड पुरत नाही, टायर जाळू का?

*आमचं गुऱ्हाळ दिवसाला आठ-दहा टन ऊस गाळतं. चिपाड कमी पडतं आणि लाकूड विकत घ्यावं लागतं. जुने टायर स्वस्त मिळतात, काही जण वापरतातही. वापरावेत का? शिवाय राख आणि मळी (रस उकळताना वर येणारा फेसकट मळ) यांचं काय करावं?*
— गुऱ्हाळमालक, शिराळा तालुका

टायर नकोत. रबर पक्कं करायला त्यात गंधक घातलेलं असतं आणि जस्ताचं भस्मही असतं. काहील (रस उकळायची मोठी कढई) उघडी असल्यामुळे वाऱ्याची दिशा फिरली की काजळी सरळ रसात पडते. तळाला चिकटलेली काजळी उष्णता अडवते, म्हणजे जळण वाढतं. राखही शेताच्या कामाची राहत नाही. चुलवाणापुढे, म्हणजे काहिलीखालच्या भट्टीपुढे, दिवसभर बसणाऱ्या माणसाच्या छातीत तो धूर जातो तो वेगळाच. त्याची मजुरी त्यासाठी वाढवून दिल्याचं आम्ही कुठे ऐकलेलं नाही.

चिपाड खरंच कमी पडतं का, हे कागदावर पाहू. तीन लाटांच्या चरकातून १,००० किलो उसाचा ६२० किलो रस निघाला असं धरा. उरलं ३८० किलो चिपाड, त्यात निम्मं पाणी. चांगलं वाळवल्यावर, म्हणजे १० टक्के ओल राहिल्यावर, ते सुमारे २१० किलो भरतं. अशा चिपाडातून किलोला ३,७०० किलोकॅलरीच्या आसपास उष्णता मिळते, म्हणजे एकूण पावणेआठ लाख. रस तापवायला आणि त्यातलं ४९० किलो पाणी उडवायला लागतात साधारण तीन लाख. चुलवाणाने ४० टक्के उष्णता काहिलीला पोचवली की चिपाड पुरलं. तुम्हाला पुरत नाही याचा अर्थ चुलवाणातून साठ टक्क्यांहून जास्त उष्णता वाया जाते आहे. लाकूड आणून तुम्ही ती तूट भरता आहात.

ओल्या चिपाडाबद्दल एक गैरसमज आहे. आतलं पाणी उडवायला उष्णता जाते हे खरं, पण फक्त तेवढ्यानेच नुकसान होत नाही. ओल्या जळणाने भट्टीचं तापमान खाली येतं, चिपाड अर्धवट जळतं आणि न जळलेला वायू काळ्या धुरातून निघून जातो. म्हणून चरकातून निघालेलं चिपाड ढिगात न टाकता बोटभर-दोन बोटं थरात पसरा, दिवसातून दोनदा उलटा, दोन-तीन कडक उन्हं द्या. मुठीत चुरगाळल्यावर कुरकुर वाजून मोडलं तर तयार. नुसतं वाकलं तर अजून ओल आहे. हंगामात ढगाळ दिवस येतातच, तेव्हा चार-पाच दिवसांचं कोरडं चिपाड पत्र्याखाली राखून ठेवा. ढिगात ओलं ठेवलेलं चिपाड बुरशीने काळं पडतं. त्याची धूळ श्वासात जात राहिली की फुप्फुसाचा आजार होऊ शकतो, त्याला बगॅसोसिस म्हणतात. जुना ढीग फोडताना पाणी शिंपडा आणि काम करणाऱ्यांना नाकातोंडावर चांगला मास्क द्या.

चुलवाणात तीन दुरुस्त्या करा, आम्ही सांगतो त्याच क्रमाने.

पहिली, जाळी. चिपाड जमिनीवर जळत असेल तर खालून हवा मिळत नाही. बिडाच्या सळ्यांची जाळी बसवा, दोन सळ्यांत बोटभर फट ठेवा, खाली राखेचा खड्डा ठेवा आणि तो रोज उपसा. खड्डा भरला की सळ्या खालून तापून वाकतात आणि मग लोक जाळीलाच दोष देतात.

दुसरी, चिमणीत सरकती झडप. झडप नसेल तर ओढ जास्त होते आणि ज्वाळा काहिलीखाली न थांबता चिमणीत पळते. धूर काळा असेल तर हवा कमी आहे किंवा एकदम जास्त चिपाड कोंबलंय. धूर दिसतच नाही पण चिमणीचं बूड लालबुंद तापतंय, तर हवा जास्त झाली आहे. कोंबण्यापेक्षा थोडं थोडं सतत टाकणं चांगलं. याला जाणता माणूस लागतो. गुळव्याला, म्हणजे गूळ करणाऱ्या कारागिराला, मान असतो तसा चुलवाण सांभाळणाऱ्यालाही द्यावा, कारण जळणाची खरी बचत त्याच्याच हातात आहे.

तिसरी, चिमणीकडे जाणाऱ्या धुराच्या वाटेवर दुसरी उथळ काहील. पुढच्या आधणाचा रस त्यात २५ अंशांवरून ६५ अंशांपर्यंत तापला, तर लागणाऱ्या एकूण उष्णतेतली सात टक्क्यांच्या आसपास वाचते. चुन्याची निवळी इथेच टाकली तर मळी वर येऊ लागते. धोका एकच : आधण लांबलं आणि रस कोमट अवस्थेत तासन्‌तास पडून राहिला, तर तो आंबतो, साखर फुटते आणि गूळ चिकट होऊन ढेप बसत नाही. कामाची लय बसेपर्यंत ही काहील अर्धीच भरा.

राखेबद्दल जरा जपून. चिपाडाच्या राखेत वाळूसारखा सिलिकाच जास्त असतो, पालाश बेताचं. तिला ‘फुकटचं पोटॅश’ म्हणून विकणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. राख विम्लधर्मी, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाची, असते. वाळवा, मिरज, पलूसकडच्या क्षारपड-चोपण रानात ती टाकणं म्हणजे दुखण्यात भर. निचऱ्याच्या माळरानात, कंपोस्टच्या खड्ड्यात थर पांढुरका होईल इतपतच टाकावी.

मळी दिवसाभरात आंबते आणि माश्या धरते. हायड्रॉस (गुळाचा रंग उजळवायची रासायनिक पूड) वापरत नसाल तर ताजी मळी थोडी थोडी जनावरांच्या वैरणीत चालते. वापरत असाल तर जनावरांना देऊच नका. उरलेली मळी तीन पाट्या, वाळका चिपाडाचा भुसा एक पाटी आणि शेण एक पाटी असे थर लावून सावलीत कुजवा. ढीग हात लावण्याइतका गार राहिला तर हवा मिळत नाही असं समजा आणि उलटा. आंबूस वास आला तर भुसा वाढवा.

पनीरच्या निवळीचा वास आणि शेजाऱ्यांची तक्रार

*रोज शंभर लिटर दुधाचं पनीर करतो. निवळी (दूध फाडल्यावर उरणारं पाणी) मागच्या चरीत सोडतो. वास येतो, शेजारी तक्रार करतात. साध्या पाण्यासारखीच तर असते, मग त्रास कशाचा? काही उपयोग होईल का?*
— दुग्धव्यावसायिक, कोरेगाव तालुका

पाण्यासारखी दिसते, पण तिच्यात दुधातली जवळजवळ सगळी साखर असते : लिटरला ४५ ते ५० ग्रॅम. ती कुजताना पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकते. हे मोजण्याचं माप म्हणजे बीओडी. निवळीचा बीओडी लिटरला ३० ते ५० हजार मिलिग्रॅम असतो. सांडपाणी जमिनीवर सोडायची मर्यादा आहे १०० मिलिग्रॅम. शंभर लिटर दुधामागे ८५ लिटर निवळी धरली, तर तिच्यातला कुजका भार ८०-८५ माणसांच्या रोजच्या सांडपाण्याइतका होतो. एका छोट्या चरीत एक वस्ती सोडल्यासारखंच हे आहे. पाणी ओतून पातळ करण्याने भार कमी होत नाही, फक्त चर मोठी लागते.

बऱ्याच ठिकाणी सुचवलं जातं की निवळी आंबवून तिनेच पुढचं दूध फाडा. करता येतं आणि पनीर मऊही होतं. ४० अंशांच्या निवळीत २ टक्के ताजं विरजण घालून रात्रभर ठेवा, आम्लता १ टक्क्याच्या आसपास आली की वापरा. दूध ९० अंशांपर्यंत तापवून ७५ वर आणा, निवळीही ७० अंशांच्या वर तापवा आणि हळूहळू ओता. शंभर लिटर दुधाला अशी २५ ते ३० लिटर निवळी लागते. पण यात एक फसगत आहे. घातलेली निवळी पनीर गाळताना पुन्हा बाहेर येतेच. यात वाचतं ते सायट्रिक ॲसिड, दिवसाला सुमारे २०० ग्रॅम. चरीत जाणारी निवळी एका लिटरनेही कमी होत नाही. बचत म्हणून करा, तक्रारीवरचा इलाज म्हणून नको.

इलाज जनावरांपासून सुरू होतो. त्याच दिवशीची गार निवळी मोठ्या जनावराला पहिल्या दिवशी दोन लिटर, मग आठवड्याभरात वाढवत दहा लिटरपर्यंत द्या. वैरण आणि साधं पाणी नेहमीप्रमाणे. एकदम बादलीभर पाजली की पोट फुगतं, शेण पातळ होतं. शिळी, फेसाळलेली निवळी देऊ नका. पत्र्याच्या जस्ती बादलीतही ठेवू नका, आम्लाने जस्त सुटतं. स्टील किंवा जाड प्लास्टिकचे कॅन वापरा. आठ-दहा जनावरांचा गोठा शेजारी असेल तर प्रश्न तिथेच मिटला. बहुधा तक्रार करणाऱ्या शेजाऱ्याचाच गोठा असतो, त्यालाच विचारून पाहा.

गोठा नसेल तर बायोगॅस. निवळीत आम्लाला आवर घालणारी विम्लता फार कमी असते, त्यामुळे नुसत्या निवळीवर संयंत्र आंबतं आणि बंद पडतं. शेणाचा आधार लागतोच. २ घनमीटरच्या संयंत्राला रोज ५० किलो शेण आणि ५० लिटर पाणी लागतं. या पाण्यातलं १० लिटर काढून तेवढी निवळी घाला, दर आठवड्याला ५ लिटर वाढवा आणि २५ लिटरवर थांबा. ज्योत निळी आणि स्थिर असली की ठीक. ती फडफडून विझू लागली, किंवा संयंत्रातून निघणाऱ्या मळीला आंबूस वास आला, तर निवळी आठवडाभर पूर्ण बंद करा, फक्त शेणाचा काला घाला आणि चुन्याची थोडी निवळी द्या. अशा वेळी घाई करणाऱ्याचं संयंत्र महिनाभर बंद राहतं.

८५ लिटर सगळी जिरवायची तर याच हिशेबाने ६-७ घनमीटरचं संयंत्र आणि रोज दीडशे किलोहून जास्त शेण हवं. निवळीतून दिवसाला दोन घनमीटरच्या आसपास जास्तीचा वायू मिळतो. एक घनमीटर म्हणजे ०.४३ किलो एलपीजी, तेव्हा १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर साधारण बावीस दिवसांत एक वाचतो. दूध तापवायला तोच वायू वापरा. जास्त पाइप टाकून घराघरांत वाटायच्या भानगडीत पडू नका. बर्नरच्या अलीकडे लोखंडी कीस भरलेली नळी बसवा, नाहीतर वायूतल्या हायड्रोजन सल्फाइडने पितळी भाग वर्षात खाऊन टाकलेले दिसतील.

वापरलेल्या तेलाचा साबण

*आमचा बारा जणींचा बचत गट आहे. वडापाव आणि फरसाणवाल्यांकडचं जळकं तेल आणून कपड्यांचा साबण करायचा विचार आहे. प्रमाण सांगावं. हात भाजतात असं ऐकलंय.*
— बचत गट, मिरज

भाजतात. कॉस्टिक सोडा हा प्रकार डोळ्यांसकट सगळ्याला भाजतो. तेव्हा रबरी हातमोजे, चष्मा, पूर्ण बाह्या, आणि लहान मुलं त्या खोलीत नकोत.

आधी तेल कुठलं घ्यायचं ते ठरवा. तळणीच्या तेलातले ध्रुवीय घटक (तेल पुनःपुन्हा तापवल्याने वाढणारे) २५ टक्क्यांवर गेले की ते खाद्य म्हणून वापरता येत नाही, हा नियम १ जुलै २०१८ पासून आहे. रोज ५० लिटरहून जास्त तेल वापरणाऱ्यांना नोंदी ठेवून वापरलेलं तेल अधिकृत संकलकालाच द्यावं लागतं. ते बायोडिझेलला जातं. तुमच्या वाट्याला छोटे गाडेवाले येतात आणि तिथेच तुमचा खरा उपयोग आहे, कारण त्यांचं तेल नाहीतर गटारात जातं किंवा ‘हलकं तेल’ म्हणून परत कढईत येतं. त्यांना दर आठवड्याला झाकणाचा कॅन द्या, भरलेला आणा. कॅनवर ‘खाण्यासाठी नाही’ असं ठळक लिहा.

तेल शुद्ध करणं हा अर्धा साबण. दोन-तीन दिवस निवळू द्या, मग दुहेरी सुती कापडातून गाळा. गार तेलात निम्मं पाणी आणि मूठभर मीठ घालून तापवा, पंधरा मिनिटं उकळा, गार झाल्यावर वरचं तेल काढून घ्या. मसाला, जळकट कण आणि बराचसा वास खालच्या पाण्यात उतरतो. गरम तेलात पाणी ओतलं तर ते अंगावर उडतं. शेवटी तेल मंद आचेवर तडतड थांबेपर्यंत तापवून ओल घालवा.

५ किलो तेलासाठी प्रमाण : कॉस्टिक सोडा फ्लेक्स ६५० ग्रॅम, पाणी दीड लिटर. दोन्ही वजनकाट्यावर मोजा. वाटीचं माप इथे चालत नाही. पामतेलाला सोडा किंचित जास्त लागतो, सूर्यफुलाला कमी. मिश्र तेलाला हे प्रमाण सुरक्षित आहे, कारण यात सुमारे पाच टक्के तेल मुद्दाम मोकळं राहतं. फ्लेक्सची पिशवी उघडी राहून ओल धरली असेल तर तिचं वजन खोटं असतं, ती वापरू नका.

स्टीलच्या किंवा जाड प्लास्टिकच्या भांड्यात आधी पाणी घ्या, त्यात सोडा थोडा थोडा टाका. उलट केलं तर उसळून येतं. ॲल्युमिनियमचं भांडं बिलकूल नको : सोडा त्याला खातो आणि पेट घेणारा हायड्रोजन सुटतो. पाणी आपोआप ऐंशीच्या वर तापेल, उघड्यावर गार होऊ द्या. तेल आणि द्रावण दोन्ही ४०-४५ अंशांवर आले की बारीक धारेने तेलात ओता आणि एकाच दिशेने ढवळा. पळीतून पडलेली रेघ वर टिकली की साच्यात ओता. ताज्या तेलापेक्षा वापरलेलं तेल लवकर घट्ट होतं, कारण त्यात मोकळी आम्लं जास्त असतात. सुगंध घालायचा तर साचा हाताशी ठेवूनच घाला, नाहीतर भांड्यातच दगड होतो.

एक-दोन दिवसांनी मोजे घालूनच वड्या कापा आणि हवेशीर फळीवर चार ते सहा आठवडे ठेवा. या मुदतीआधी विकू नका, कितीही मागणी असली तरी. वडी आतून कापल्यावर पांढरे ओले डाग दिसले तर तिथे सोडा मिसळलेला नाही. तो घाणा किसून, थोडं पाणी घालून, मंद आचेवर वितळवून पुन्हा ओता. पीएच (आम्ल-विम्ल मोजायचं माप) पट्टीवर ९ ते १० ठीक, ११ च्या पुढे नापास. तेलाचा थर सुटला तर सोडा कमी पडला किंवा ढवळणं अपुरं झालं. पाच किलो तेलातून वाळल्यावर सहा किलोच्या आसपास साबण मिळतो, म्हणजे शंभर ग्रॅमच्या साठ वड्या.

बोअरच्या जड पाण्यात हा साबण फेस कमी देतो आणि कपड्यावर राखाडी थर बसवतो. गिऱ्हाइकाला आधी बादलीत चमचाभर धुण्याचा सोडा टाकायला सांगा. ‘अंगाचा साबण’ म्हणून विकायचा असेल तर सौंदर्यप्रसाधनाचा परवाना लागतो, तेव्हा लेबलवर ‘कपडे-भांड्यांसाठी’ असंच ठेवा. अंगावर सोडा सांडला तर पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली धरा. लिंबू-व्हिनेगर चोळू नका.

शिलाईच्या चिंध्या

*विट्याच्या बाजूला कपडे शिवणारे आणि कापड दुकानं बरीच आहेत. पोतीच्या पोती चिंध्या फुकट मिळतात. गोधड्या कराव्यात की पुसणी? आणि कामगारांना कसं द्यावं?*
— उद्योजिका, खानापूर तालुका

फुकट मिळणाऱ्या पोत्यात खर्च लपलेला असतो, निवडण्याचा. आधी सूत आणि पॉलिस्टर वेगळं करा. शंका असेल तर दोऱ्याचं टोक जाळा : कागदासारखा वास आणि बोटाने उडणारी राख म्हणजे सूत, वितळून काळा टणक मणी झाला तर पॉलिस्टर. मिश्र कापडात दोन्ही दिसतं, ते पॉलिस्टरकडे टाका. पॉलिस्टर तेल-पाणी नीट शोषत नाही, पुसणीला उपयोगाचं नाही. उशी-तक्क्यात भरायला जातं.

पुसणीला कुपवाड आणि मिरज औद्योगिक वसाहतीत गिऱ्हाईक आहे. त्यांना हवं ते एवढंच : सुती, तळहाताहून मोठा, साधारण फूटभर तुकडा, बटण, चेन, हूक काढलेला, किलोवर. पांढऱ्याला भाव जास्त, कारण गडद रंग थिनरमध्ये सुटतो. एक बटण राहिलं आणि यंत्राच्या घासलेल्या पृष्ठभागावर चरा पडला, की पुढची ऑर्डर गेली.

वापरून तेलकट झालेली पुसणी ‘धुऊन द्या’ म्हणून परत देतील. घेऊ नका. तेलाने माखलेलं कापड २०१६ च्या नियमांत घातक कचरा आहे. कारखान्याने ते अधिकृत विल्हेवाट केंद्राकडेच द्यायचं असतं. ते घरच्या मोरीत धुतलं तर तेल आणि धातूचा कीस गटारात आणि बायकांच्या हातांवर. जवसाचं तेल किंवा ऑइलपेंट लागलेल्या चिंध्यांचा बोळा आपोआप तापून पेटतो, हेही ध्यानात असू द्या.

गोधडीचा हिशेब वेगळा. हाताने टाके घातलेल्या एका मोठ्या गोधडीला वीस तास लागतात आणि तासाला साठ रुपये द्यायचे असं धरा. मजुरीच बाराशे होते. दोरा, आतलं कापड, धुणं, दुकानदाराचा वाटा धरून ती दोन हजारांच्या आत परवडत नाही. बाजारात आठशेला विकली जात असेल तर फरक शिवणारणीच्या खिशातून जातो. नगावर दर ठरवायचाच असेल तर आधी तीन वेगवेगळ्या जणींना घड्याळ लावून शिवायला द्या. त्यातल्या सर्वांत चपळ बाईचा नाही, मधल्या बाईचा वेळ धरून दर बांधा. निवडणीचे तासही मोजा. ते काम बहुधा सर्वांत वयस्कर बाईकडे जातं आणि त्याचे पैसे कुणीच धरत नाही. आमचं मत विचाराल तर पुसणी हा रोजच्या खर्चाचा आधार ठेवा आणि गोधडी फक्त ऑर्डर असेल तेव्हा करा. दिवाळीनंतर पडून राहिलेल्या गोधड्यांत गटाचं भांडवल अडकलेलं आम्हाला बघवत नाही.

बेदाण्याचं डिपिंगचं पाणी

*द्राक्षं बुडवलेलं द्रावण हंगाम संपल्यावर ओढ्यात सोडतात. शेतात सोडलं तर चालेल का? देठ-काड्या जनावरांना देऊ का?*
— बेदाणा उत्पादक, तासगाव तालुका

द्राक्षं लवकर वाळावीत म्हणून वापरतात ते नेहमीचं द्रावण म्हणजे लिटरला २५ ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट आणि १५ मिलि डिपिंग ऑइल. त्याचा पीएच ११ च्या घरात असतो. ओढ्यात सोडलं तर मासे-बेडकांना वाचायची संधी नाही. द्राक्षांचा रस मिसळत जातो तसा तो उतरतो, म्हणून दर काही जाळ्यांनंतर पट्टीने पाहून कार्बोनेट आणि ऑइल वाढवत गेलात तर तेच द्रावण जास्त घाणे चालतं आणि शेवटी टाकायचं पाणी कमी उरतं. बुडवायच्या आधी घड धुऊन निथळले तर माती आत जात नाही. ही साधी गोष्ट बरेच जण पाणीटंचाईमुळे टाळतात आणि टाकी लवकर काळी होते.

उरलेलं पाणी एका जागी ओतू नका. काड्या, वाळकं पाचट आणि फुटलेली आंबट द्राक्षं यांचा ढीग करून त्यावर दर दोन दिवसांनी शिंपडा, ढीग निथळून वाहणार नाही इतकंच. द्राक्षांचं आम्ल विम्ल थोडं मारतं, पालाश कंपोस्टमध्ये राहतं. चोपण जमिनीत किंवा विहिरीच्या काठाला मात्र नको. काड्या जनावरांना देऊ नका, हंगामभर फवारलेली औषधं त्यांच्यावर असतात.

चिपाडाच्या पत्रावळीचं यंत्र

*पाच-सहा लाखांचं यंत्र विकणारा म्हणतो, माल आम्हीच परत घेऊ. घ्यावं का?*
— वाचक, कराड

चिपाड सरळ साच्यात घालून पत्रावळ होत नाही. आधी त्याचा लगदा करावा लागतो, त्याला कॉस्टिक, वाफ, बरंच पाणी आणि सांडपाण्याची व्यवस्था लागते. ते मोठ्या कारखान्याचं काम. छोट्या यंत्रावाले तयार लगद्याचे किंवा कागदाचे ताव विकत देतात, म्हणजे तुमचं चिपाड जिथल्या तिथेच राहतं. प्लास्टिकचा थर दिलेला कागद असेल तर तो महाराष्ट्रातल्या बंदीत अडकतो. ‘माल परत घेऊ’ हे लेखी करारात दर, महिन्याची संख्या, पैसे देण्याची मुदत आणि नाकारण्याची कारणं यांच्यासह मागा. तिथेच बहुतेक बोलणी संपतात.

काचेच्या बरण्या परत घ्याव्यात का?

*स्ट्रॉबेरी जॅम आणि मध बरण्यांतून विकतो. रिकाम्या बरण्या परत घेऊन पुन्हा भरणं कायद्यात बसतं का?*
— प्रक्रिया उद्योजक, वाई-पाचगणी भाग

काच बसते, टिकाऊ आणि स्वच्छ करता येण्याजोगी असली की झालं. पत्र्याचे डबे अन्नासाठी पुन्हा भरता येत नाहीत. प्लास्टिकमध्ये ५ लिटर आणि त्याहून मोठी भांडीच परत वापरता येतात.

धुताना : लेबल कोमट पाण्यात भिजवून काढा. दीड ते दोन टक्के कॉस्टिकच्या ६०-६५ अंशांच्या द्रावणात दहा मिनिटं ठेवा, दोनदा स्वच्छ पाण्यात खंगाळा, शेवटच्या पाण्याला पीएच पट्टी लावा. काठावरून बोट फिरवा, कपरी निघालेली बरणी बाद. रॉकेल, फिनेल असा वास असलेली बरणी धुवायच्या आधीच बाजूला काढा. वास धुऊन जात नाही. जॅम ८५ अंशांवर भरताना बरणी गार असेल तर तडकते, दोन्हींतला फरक ४० अंशांच्या आत ठेवा. झाकणं मात्र दर वेळी नवीन. आतला रबरी थर एकदा दाबला गेला की हवाबंद बसत नाही.

पर्यटक बरणी परत आणणार नाही, तो पुण्या-मुंबईला जाऊन विसरतो. ही योजना गावातल्या दुकानांपुरती ठेवा आणि अनामत नव्या बरणीच्या किमतीइतकी धरा. त्याहून कमी धरली तर बरणी घरातल्या लोणच्याला जाते. पाचगणी-महाबळेश्वरच्या हॉटेलांना छोट्या बरण्या विकूच नका. ५ लिटरचे खाद्य दर्जाचे कॅन द्या, दर फेरीला भरलेला ठेवा आणि रिकामा त्याच गाडीत परत आणा. कॅनच्या गळ्यात क्रमांकाची पट्टी अडकवा, म्हणजे कुठल्या हॉटेलकडे किती अडकलेत ते वहीत दिसेल.